कॅरिबियन लेखिकांच्या पहिल्या कादंबऱ्यांच्या शोधात: लंडन आणि लीड्स

कॅरिबियन लेखिकांच्या पहिल्या कादंबऱ्या मूळ आवृत्तीत हव्या असतील, तर आधी लंडन गाठा. लिहिणाऱ्या त्रिनिदाद, जमैका, डॉमिनिकाच्या. पण यातली कितीतरी पुस्तकं छापली गेली लंडनला, आणि जुन्या प्रतीही तिथेच निघतात. मी याच कामासाठी लंडन आणि लीड्सला जाऊन आले.

सुरुवात फिन्सबरी पार्कपासून करा. स्टेशनपासून चालत गेलं की स्ट्राउड ग्रीन रोडवर ७६ नंबरला न्यू बीकन बुक्स लागतं. १९६६ साली जॉन ला रोज आणि सारा व्हाइट यांनी सुरू केलेलं हे प्रकाशन. एर्ना ब्रॉडबरची पहिली कादंबरी ‘जेन अँड लुईसा विल सून कम होम’ त्यांनीच १९८० मध्ये काढली. इथे मुख्यतः नवी पुस्तकं मिळतात, तरी आधी इथेच जावं. एकेका बेटाचं साहित्य सलग डोळ्यांसमोर आलं की यादी पक्की होते. दुकान कोणत्या दिवशी, किती वाजता उघडं असतं ते मात्र आधी बघून घ्या.

मग लेस्टर स्क्वेअर. सेसिल कोर्ट या जुन्या पुस्तकांच्या दुकानांच्या गल्लीत काचेच्या कपाटांतल्या प्रती देखण्या आणि महाग. माझं मन रमलं ते चेरिंग क्रॉस रोडवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांच्या तळघरांत. तिथे ‘कॅरिबियन’ अशी वेगळी फळी शोधत बसू नका. ही पुस्तकं सर्वसाधारण कादंबऱ्यांत लेखिकेच्या आडनावाखाली दडलेली असतात. विमेन्स प्रेस या प्रकाशनाची पुस्तकं काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कण्यावरून लांबूनच ओळखू येतात. ग्रेनेडाच्या मर्ल कॉलिन्सची ‘एंजल’ (१९८७) त्यांचीच.

शीर्षकपानामागची नोंद नीट वाचा. मर्ल हॉजची ‘क्रिक क्रॅक, मंकी’ पहिल्यांदा आंद्रे डॉइचने १९७० मध्ये काढली. सहज सापडते ती हाइनमनची १९८१ची पेपरबॅक. जीन ऱ्हिसची पहिली कादंबरी तर १९२८ला लंडनमध्ये ‘पोस्चर्स’ नावाने आली, आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला ‘क्वार्टेट’ म्हणून. विक्रेत्याला नुसतं ‘क्वार्टेट’ सांगितलंत तर लंडनची मूळ प्रत हाती यायची नाही. फिलिस शँड ऑल्फ्रीची ‘द ऑर्किड हाउस’ मागताना कॉन्स्टेबल, १९५३ असं स्पष्ट म्हणा, नाहीतर १९८२चं व्हिरागोचं पुनर्मुद्रण पुढे येईल. वाचायला तेही उत्तमच आहे.

बेलीझच्या झी एजेलची ‘बेका लॅम्ब’ (१९८२) हाइनमनच्या कॅरिबियन लेखकांच्या मालिकेत आली आणि पुढे कॅरिबियन शाळांत अभ्यासाला लागली. मला मिळालेल्या प्रतीत समासभर पेन्सिलीच्या खुणा आहेत, काही शब्दांखाली रेघा, आणि मागच्या कव्हराच्या आत कुणा विद्यार्थिनीने गोल अक्षरात लिहिलेली पात्रांची यादी. संग्राहक अशी प्रत बाजूला ठेवतात. मला ती कोऱ्या प्रतीपेक्षा मोलाची वाटते. मुलांनी वाचून वाचून झिजवली म्हणून तर या पुस्तकांच्या चांगल्या प्रती दुर्मीळ झाल्या.

मोठी रक्कम मोजण्याआधी ब्रिटिश लायब्ररीत मूळ आवृत्ती प्रत्यक्ष पाहून घ्या. वाचकाचा पास मोफत मिळतो. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मूळ स्वरूपात जवळ ठेवा आणि पुस्तकाची मागणी आधीच नोंदवा.

किंग्ज क्रॉसहून लीड्स रेल्वेने सव्वादोन तासांच्या आसपास. कॅरिबियन साहित्य काढणारं पीपल ट्री प्रेस हे प्रकाशन १९८५ पासून तिथे आहे. ते कार्यालय आहे, दुकान नव्हे, त्यामुळे आधी कळवून जा. लक्ष्मी पर्साद यांची ‘बटरफ्लाय इन द विंड’ (१९९०) इथलीच. त्रिनिदादच्या हिंदू घरातल्या मुलीचं बालपण तिच्यात आहे: घरची पूजा, गोष्टी सांगणारी आई, आणि शाळेत शिरलं की पूर्ण वेगळं जग. १८४५ पासून भारतातून गिरमिटिया, म्हणजे कराराचे मजूर, म्हणून गेलेल्या लोकांच्या या वंशजांबद्दल आपल्याकडे फार कमी वाचलं जातं. संग्रह नसला करायचा तरी हे एक पुस्तक घ्याच.

परतताना पुस्तकं केबिन बॅगेतच ठेवा. पुस्तकाच्या मूळ जॅकेटला, म्हणजे बाहेरच्या कागदी वेष्टनाला, चिकटपट्टी लावू नका, आणि आपल्या सवयीने खाकी कव्हर तर अजिबात घालू नका. वरून सैल पारदर्शक आवरण पुरतं. पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या अधूनमधून बदला.