वॅट जुळले, आटे जुळले

फोन आला तो काच पडल्याचा. शेवंतीच्या मातृरोपांच्या खोलीत दिवा फुटलाय, कुंड्यांत काच आहे, येऊन बल्ब बदलून जा. मी विचारलं, बाहेरची काच तडकली की आतली नळी उडाली? पलीकडून उत्तर आलं, "काय फरक पडतो?"

फरक फार पडतो. बंदिस्त जागेत रोपं वाढवतात तिथल्या दिव्यांची देखभाल हे माझं काम. त्यातलं बहुतेक काजळलेले होल्डर आणि फुगलेले कपॅसिटर बदलण्यात जातं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण हे दिवे घरातल्या बल्बसारखे नसतात. मोठ्या काचेच्या आत एक बोटभर नळी असते आणि खरा उजेड त्या नळीत असतो. मेटल हॅलाइड दिव्यात ती क्वार्ट्झची असते, तिची भिंत ९०० अंशांच्या आसपास तापलेली आणि आत वायूचा भरपूर दाब. ती नळी उडाली, तर खाली पडतात ते लालबुंद तुकडे. त्या खोलीत खाली कोकोपीट होतं, प्लॅस्टिकचे ट्रे होते आणि माणसं होती.

दारातच कळलं की काहीतरी बदललंय. या खोलीचा उजेड मला पिवळा माहीत होता, सोडियम दिव्यांचा. आता तो पांढरा होता. दोन ओळींत सोळा दिवे, वर नुसते पत्र्याचे उघडे रिफ्लेक्टर, काच नाही. एक दिवा गेलेला, दोन-तीन थरथरत होते, बाकीचे व्यवस्थित लागलेले. माझ्याबरोबरचा हेल्पर म्हणाला, "एकच गेलाय, दादा. पंधरा तर चालू आहेत." मला त्या पंधरांचीच काळजी वाटत होती.

खोलीत आधी कुणालाही जाऊ दिलं नाही. उष्णता आत नको म्हणून चोक (दिव्याचा करंट आवरणाऱ्या गुंडाळ्या) बाहेरच्या बोळात फळीवर बसवलेले आहेत, त्यामुळे मापं बाहेरूनच घेता आली. चोकच्या पाटीवर स्वच्छ लिहिलेलं: सोडियम, ४०० वॅट, ४.६ अँपिअर, शेजारी इग्नायटरच्या, म्हणजे दिवा पेटवायला झटका देणाऱ्या डबीच्या, जोडणीची आकृती. वायरला चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा क्लँप मीटर कुठे लावायचा हे इथे महत्त्वाचं. येणाऱ्या वायरवर लावला तर कपॅसिटरमुळे आकडा कमी दिसतो आणि सगळं ठीक आहे असा समज होतो. चोक आणि दिवा यांच्या मधल्या वायरवरच लावायला हवा. मीटरही ट्रू आरएमएस, म्हणजे वेड्यावाकड्या लाटेचाही खरा आकडा दाखवणारा हवा, कारण या दिव्यांच्या करंटची लाट सरळ नसते. आणि लागलेल्या दिव्याचं व्होल्टेज मोजायचा मोह टाळायचा. दिवा मध्येच विझला तर इग्नायटरचा ४,००० व्होल्टच्या आसपासचा झटका थेट मीटरमध्ये येतो.

करंट भरला चारच्या थोडा वर.

मग मेन बंद केला, टायमरला कुलूप घातलं, कपॅसिटरमधला चार्ज उतरल्याची खात्री केली आणि दिवे गार होईपर्यंत थांबलो. पहिला बल्ब काढून गळ्यावरची बारीक छपाई वाचली: एम५९/ई.

या तीन-चार अक्षरांत सगळं आहे. एम म्हणजे मेटल हॅलाइड. ५९ हा दिव्याच्या विजेच्या गरजेचा प्रकार: ४०० वॅट, चालू असताना साधारण १३५ व्होल्ट आणि सव्वातीन अँपिअर. ई म्हणजे बंद फिक्स्चरमध्येच लावायचा, समोर काच हवी, कारण नळी उडू शकते हे बनवणाऱ्यालाच मान्य आहे. त्याच पद्धतीत ४०० वॅटच्या सोडियमला एस५१ म्हणतात. तो १०० व्होल्टवर चालतो आणि ४.६ अँपिअर घेतो. दोघांचेही वॅट ४००. आटेही एकमेकांत बसणारे. होल्डर कुणालाच अडवत नाही.

असा दिवा नुसता विजेला जोडला तर तो स्वतःला आवरत नाही. नळीतला वायू एकदा पेटला की करंट वाढतच जातो, नळी संपेपर्यंत. चोक त्या करंटला लगाम घालतो. म्हणजे करंट किती हे मुख्यतः चोक ठरवतो आणि व्होल्टेज किती हे दिवा ठरवतो. सव्वातीनच्या दिव्याला ४.६ चा चोक दिला, की चोक आपल्या हिशेबाने करंट ढकलतो, दिवा आपल्या हिशेबाने व्होल्टेज धरतो आणि ४०० वॅटचा दिवा ५०० वॅटच्या आसपास जळत राहतो. उजेड जास्तच पडतो. लोक खूश होतात.

त्यात या जातीच्या दिव्याला पेटवण्यासाठी आतच तिसरा छोटा इलेक्ट्रोड असतो. त्याला इग्नायटर लागत नाही. त्याच्या स्वतःच्या बॅलास्टचं (चोकचंच काम करणारं उपकरण) मोकळं, म्हणजे दिवा पेटण्याआधीचं व्होल्टेज ३०० च्या आसपास असतं, त्यावर तो पेटतो आणि टिकतो. इथे त्याला इग्नायटरचे झटके बसत होते, जे सोसायला तो बनवलेलाच नाही. पेटल्यावर मात्र मागे फक्त २३० व्होल्ट उरत होते. थरथरणारे दिवे त्यामुळेच थरथरत होते. उलटी चूक झाली असती, म्हणजे इग्नायटर नसलेल्या बॅलास्टवर सोडियम लावला असता, तर तो पेटलाच नसता आणि कुणीतरी लगेच फोन केला असता. जी चूक पेटते, ती आठवडेच्या आठवडे कुणाला दिसत नाही.

हे सगळं हेल्परला सांगत असताना तिथल्या बागशास्त्राच्या मॅडम आल्या. पोर वयाने लहान, पण कामात पक्की. कारण विचारलं, तर खरेदी विभागाने दिवे बदलले, आणि बदल मागितला होता मॅडमनीच. पानांच्या वाढीच्या काळात निळा उजेड जास्त असला की शेवंतीची रोपं ठेंगणी आणि दणकट राहतात, म्हणून त्यांनी मेटल हॅलाइड मागितले. मागणी अगदी बरोबर होती. सोडियमच्या चोकवर चालणारे मेटल हॅलाइड दिवेही मिळतात, त्यांच्यावर तसं छापलेलं असतं. पण खरेदीच्या फॉर्मवर रकाने तीनच: वॅट, होल्डर, नग. चोकचा प्रकार लिहायला जागाच नाही. ज्याने फॉर्म भरला त्याने तिन्ही रकाने बरोबर भरले. मला राग त्या माणसाचा येत नाही, त्या फॉर्मचा येतो.

"मेन कधी चालू करणार?" मॅडमनी विचारलं.

"या दिव्यांवर नाही करणार."

"मग माझी रोपं गेली." त्यांचा चेहराच पडला. शेवंती लहान दिवसाचं झाड. रात्र लांबली की कळी धरते, आणि मातृरोपाने कळी धरली की त्याची कलमं निकामी. म्हणून तिथे कृत्रिम उजेडाने दिवस लांब ठेवतात. सोडियमचे जुने बल्ब भंगारात गेलेले, नवे यायला वेळ लागणार. त्यांनी विचारलं, निदान निम्मे दिवे लावू या का, जे थरथरत नाहीत तेवढेच? मी नाही म्हटलं. न थरथरणाऱ्या दिव्याची नळीही तेवढीच ताणलेली असते. बराच वेळ आमचं वाजलं. त्या स्वतःच्या बाजूने खऱ्या होत्या. इतक्या महिन्यांची मेहनत डोळ्यांसमोर जाताना कोण गप्प बसेल?

मग त्याच एकदम थांबल्या. म्हणाल्या, "वाढ खुंटेल, पण कळी थांबवायला एवढा उजेड लागतच नाही." मध्यरात्रीच्या सुमारास चार तास मंद उजेड दिला, साधारण १०० लक्स, तरी झाडाला रात्र तुटल्यासारखी वाटते आणि ते कळीकडे वळत नाही. मोठ्या दिव्यांचं काम अन्न तयार करण्याचं, आणि दिवस-रात्र कळण्यासाठी झाडाला चिमूटभर लाल प्रकाश पुरतो. मला हे ठाऊक नव्हतं, ऐकून फार बरं वाटलं. आम्ही साध्या एलईडी बल्बांच्या माळा ओढल्या, वेगळ्या सर्किटवर, वेगळ्या टायमरवर. चोक नाही, इग्नायटर नाही.

इथवर प्रकरण माझ्या नेहमीच्या कामातलं होतं. मला अजून छळतंय ते पुढचं.

उरलेले बल्ब उतरवताना एका बल्बच्या भिंतीकडच्या बाजूला भोक सापडलं, अंगठ्याएवढं. शेजारचा फॉगरचा, म्हणजे पाण्याचं धुकं सोडणाऱ्या यंत्राचा नोझल सैल होऊन वाकडा झाला होता. तापलेल्या काचेवर गार पाणी पडून तुकडा निघाला असणार. आतली नळी शाबूत होती आणि मी मेन बंद करेपर्यंत तो दिवा लागलेला होता. क्वार्ट्झमधून अतिनील किरण सहज बाहेर पडतात. ते अडवते बाहेरची काच. काही दिवे असे बनवतात की बाहेरची काच फुटली की ते आपोआप विझतात, त्यांच्यावर टी हे अक्षर असतं. यावर आर होतं. हा जळतच राहतो.

त्या दिव्याखालच्या टेबलावर पानांना तांबूस झाक आलेली, कडा वळलेल्या, आणि डाग बरोबर गोल. मॅडमनी तो लाल कोळी या किडीचा त्रास धरून दोनदा फवारणी केली होती. मी विचारलं, या टेबलावर कोण काम करतं? कलमं खुडणाऱ्या मावशी पुढे आल्या. डोळे लाल.

"मावशी, कधीपासून?"

"रात्री झोपताना वाळू गेल्यागत झालं. सकाळी उघडवेनात. सुपरवायझर म्हणाले औषध उडालं असेल."

औषध उडालं असेल हेच सगळ्यांनी धरलं, कारण फवारणी झाली होती. आणि फवारणी झाली होती ती त्याच दिव्याने भाजलेल्या पानांसाठी. अतिनील किरणांचा त्रास त्या क्षणी होत नाही, काही तासांनी सुरू होतो, त्यामुळे दिव्याशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही. मी त्यांना लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवायला लावलं आणि चिठ्ठीत लिहून दिलं की कुठल्या दिव्याखाली काम केलं. डॉक्टर म्हणाले, वेल्डिंग बघितल्यावर होतं तेच. दोन दिवसांत बरं वाटलं. पण त्याआधी त्या डोळे चोळत पुन्हा त्याच दिव्याखाली उभ्या राहिल्या होत्या, कारण सुट्टी मागितली तर हजेरी जाते. एखादी बाई डोळे दुखतात म्हणते तेव्हा मान वर करून छताकडे बघायला कुणाला काही खर्च येत नव्हता.

आता त्या खोलीत सोडियमच्या चोकसाठीच बनवलेले मेटल हॅलाइड आलेत, समोर काच असलेल्या फिक्स्चरमध्ये. प्रत्येक चोकवर मी दिव्याचा प्रकार रंगाने लिहिलाय. खरेदीच्या फॉर्मला चौथा रकाना मिळालेला नाही, अर्ज दिलाय. उतरवलेल्या दिव्यांपैकी फुटका आणि भोक पडलेला सोडून चौदा बल्ब खोक्यात आहेत, आणि काल खरेदी विभागाकडून विचारणा आली की चांगले लागत होते, तर पलीकडच्या बियाणं खोलीत लावता येतील का. तिथेही चोक सोडियमचेच आहेत आणि रिफ्लेक्टर उघडे. मी लेखी नकार दिलाय. एकेका नळीने किती दिवस जादा करंट सोसला आणि क्वार्ट्झ कुठे फुगलंय हे बाहेरून दिसत नाही, म्हणून योग्य बॅलास्ट मिळाला तरी हे बल्ब मी लावणार नाही, असंही त्यात लिहिलंय. खोकं अजून त्यांच्या गोदामात आहे, आणि उद्या ते नष्ट करण्याचं पत्र घेऊनच मी जाणार आहे.