कवडशातली परी

बेळगावच्या वडगावातल्या आमच्या जुन्या मागाच्या खोलीत यंदा मे महिन्यात नाटक बसवायला चौदा पोरं जमली. माग विकल्यापासून खोली रिकामीच होती. फी नाही, येताना पाण्याची बाटली आणायची, एवढीच अट. नाटक ठरवलं पीटर पॅन.

"विलायतेतली गोष्ट इथल्या पोरांना काय कळणार गं?" नणंदेनं विचारलं. कधीच मोठा न होणारा मुलगा, त्याच्यामागं उडत जाणारी भावंडं, हाताच्या जागी आकडा असलेला समुद्री चाचा आणि घड्याळ गिळून त्याच्या मागं लागलेली मगर. न कळायला यात आहे काय?

जे. एम. बॅरींनी हे १९०४ साली आधी रंगमंचावर आणलं, कादंबरी नंतरची, १९११ची. त्या नाटकात टिंकर बेल ही परी कुणी नटी करत नव्हती. आरशानं नाचवलेला प्रकाशाचा ठिपका आणि घंटीचा आवाज, झाली परी. आपल्याकडं त्याला शब्दही तयार आहे, कवडसा.

दुपारी चारला दारातून ऊन आत येतं. सासूबाईंचा कुंकवाचा आरसा घेऊन मी कवडसा भिंतीवर फिरवला. पहिल्या दिवशी पोरांनी तो नुसता पकडायचा खेळ केला. दुसऱ्या दिवशी आरसा पदराखाली लपवला आणि म्हटलं, आता परी आहे असं समजून बघा. चौदा जण चौदा दिशांना! एक तुळईकडं, एक कोनाड्याकडं, एक चक्क स्विचबोर्डाकडं.

"अरे, कुठं बघूलास?"

शिवाय सगळे आधी बोट दाखवत होते. खरंच काही दिसलं की आधी श्वास अडकतो, मग डोळे वळतात, मग मान, बोट अगदी शेवटी. हे बसवायला चार दिवस गेले. परी कुठं आहे हे एकानं मनात ठरवायचं, बाकीच्यांनी त्याच्या डोळ्यांवरून ओळखायचं. पाचव्या दिवशी, तोवर तोंडातून अक्षर न काढलेला एक कानडी घरातला मुलगा श्वास रोखून वर बघत हळूच म्हणाला, "अल्ली नोडु." तिकडं बघ. तेरा माना एकाच जागी वळल्या. मीसुद्धा वर बघितलं, खोटं कशाला सांगू. ते वाक्य नाटकात कानडीतच ठेवलं.

पीटरचं काम मुलीला दिलं म्हणून दोघं रुसले. लंडनला पहिला पीटरही बाईनंच केला होता, नीना बूसिको तिचं नाव. पण ते सांगून काही उपयोग झाला नाही. मग म्हटलं, अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, त्यांच्या नावाच्या मंडळीत बालगंधर्व शकुंतला झाले ते चाललं ना? मुलं गप्प झाली, पटलं म्हणून की कंटाळून, देव जाणे.

मग एकानं कट्ट्यावरून उडायचा प्रयत्न केला. गुडघा फुटला, त्याच्या आईची बोलणी मी खाल्ली. बॅरींच्या वेळीही पोरं पलंगावरून उड्या मारून हातपाय मोडून घ्यायला लागली, म्हणून परीची धूळ अंगावर पडल्याशिवाय उडता येत नाही, असं त्यांनी नाटकात मागाहून घातलं. आमच्या पोरांनी त्या धुळीला नाव दिलं भंडारा. सौंदत्तीच्या यल्लम्माला जाऊन आलेल्यांना आणि काय सुचणार!

प्रयोग संध्याकाळी, बॅटरीच्या उजेडात. परी मरायला टेकते तेव्हा पीटर प्रेक्षकांना म्हणतो, परीवर विश्वास असेल तर टाळ्या वाजवा. कुणी वाजवल्याच नाहीत तर, या भीतीनं बॅरींनी वादकांना आधीच सांगून ठेवलं होतं. मीही दोन मोठी पोरं मागं बसवली होती.

कवडसा मिणमिणायला लागला. सगळं चिडीचूप. पुढच्या रांगेतल्या एका आज्जीनं मोठ्यानं विचारलं, "मेली काय गं ती?"

पीटर क्षणभर बावरली. मग संहिता सोडून म्हणाली, "अजून नाही आज्जी, तुम्ही वाजवा की!"

आज्जीनं मांडीवरचं नातवंड शेजारणीकडं दिलं आणि दोन्ही हातांनी सुरू केलं. माझी दोन माणसं मागं चिरमुरे खात होती.