दुसऱ्याचा पॅच

त्या पुल रिक्वेस्टमधला, म्हणजे ‘हे तुमच्या कोडमध्ये घ्या’ म्हणून बाहेरच्या कुणी पाठवलेल्या कामातला, खरा बदल तीन ओळींचा होता. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट मात्र आठशेच्या वर ओळी बदलल्याचं दाखवत होतं, कारण पाठवणाऱ्याच्या एडिटरनं अख्ख्या फाइलमधले ओळींचे शेवट बदलून टाकले होते. ओळ संपल्याची एक न दिसणारी खूण फाइलमध्ये असते: आमच्याकडे नुसता एलएफ, विंडोजच्या पद्धतीत सीआर आणि एलएफ अशी जोडी. आपल्याला दोन्ही फाइली सारख्याच दिसतात, गिटला दिसत नाहीत.

रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि दुसऱ्या दिवशी नवी आवृत्ती काढायची होती. मी त्याच्या तीन ओळी उचलल्या, माझ्या मशीनवर चिकटवल्या, एका व्हेरिएबलचं नाव बदललं, कोड नीट चालतो का हे तपासणारी एक टेस्ट जोडली आणि थेट मुख्य ब्रँचवर कमिट करून टाकलं, म्हणजे प्रोजेक्टच्या मुख्य प्रतीत माझ्या नावानं नोंदवून टाकलं. त्याची पुल रिक्वेस्ट बंद करताना लिहिलं, ‘धन्यवाद! थोडे बदल करून घेतलं आहे.’ सगळं मिळून बारा मिनिटं. मला तर वाटत होतं की मी त्याचं काम सोपं केलं.

तो परत आला नाही.

येणारे-जाणारे खूप असतात, त्यामुळे ते लक्षातही आलं नाही. वर्षभरानं त्याच फाइलमध्ये एक बग निघाला. हे कुणी लिहिलंय बघू म्हणून ‘गिट ब्लेम’ चालवलं, तर त्या तीन ओळींसमोर माझं नाव. मला मात्र ती युक्ती सुचल्याचं काही केल्या आठवेना. मग जुनी पुल रिक्वेस्ट शोधून काढली आणि कान गरम झाले.

गिटमध्ये प्रत्येक कमिटला लेखक आणि कमिट करणारा अशी दोन नावं वेगळी राहतात. २००५ साली लिनस टोरवाल्ड्सनं ते लिनक्स कर्नलसाठी लिहिलं, आणि तिथे पॅच, म्हणजे कोडमधला बदल, लिहिणारा एक, तो आत घेणारा दुसरा, हा रोजचाच व्यवहार. म्हणजे माझ्यासारख्यांसाठी सोय पहिल्या दिवसापासून होती. लेखक म्हणून त्याचं नाव द्यायला मला चार सेकंद लागले असते. निदान सहलेखक म्हणून खाली एक ओळ तरी लिहिता आली असती. माझ्या डोक्यातच ते आलं नाही.

आमचा प्रोजेक्ट छोटा आहे. टर्मिनलवर तक्ते नीट रकान्यांत छापणारी पायथनची एक लायब्ररी, ती सांभाळणारे तीन मेंटेनर, त्यांतला एक जवळजवळ दिसेनासा झालेला. नवीन माणसं टिकत नाहीत अशी तक्रार आम्ही उरलेले दोघं नेहमी करायचो, आणि त्यात ‘आजकालच्या मुलांना’ वगैरे शब्दही यायचे. ते ब्लेम बघितल्यावर मला ती तक्रार तशी करता येईना. पुढच्या वेळी कुणी आलं तर त्याचं काम त्यालाच पूर्ण करू द्यायचं, एवढंच ठरवलं. करायला घेतल्यावर ते जड गेलं.

सुरुवात सेटअपपासून केली. एक कोरा कंटेनर, म्हणजे आधीचं काहीही नसलेलं आभासी मशीनच जणू, उघडला आणि आमचीच ‘योगदान कसं द्यावं’ ही फाइल शब्दशः पाळायची, डोक्यातलं काही वापरायचं नाही, असं ठरवलं. तिथे लिहिलं होतं, ‘अवलंबित पॅकेजेस टाका आणि टेस्ट चालवा.’ टेस्ट चालेपर्यंत पावणेतीन तास गेले. एक सिस्टम पॅकेज माझ्या मशीनवर कधीचं पडून होतं म्हणून कुणी लिहिलंच नव्हतं. टेस्टसाठी लागणारी एक फाइल रेपोत, म्हणजे प्रोजेक्टच्या सामायिक साठ्यात, नव्हतीच, माझ्या होम फोल्डरमध्ये होती! टर्मिनलचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८ नसेल तर सात टेस्ट पडत होत्या, आणि पडताना जो मजकूर दाखवत होत्या त्यातून माणसाला वाटावं की चूक आपलीच. किती जण या दारातूनच परत गेले असतील कोण जाणे. जे गेले त्यांनी इश्यू, म्हणजे अडचणीची जाहीर नोंद, उघडला नाही. नवीन माणूस इश्यू उघडत नाही, तो टॅब बंद करतो.

त्याच दिवशी ‘गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’ फाइलमध्ये एक ओळ टाकली, आणि ओळींच्या शेवटांचा प्रश्न कायमचा मिटला. ती ओळ वर्षभर आधी असती तर आठशे ओळींचा तो फरक दिसलाच नसता. माझी चूक तरीही झाली असती म्हणा, पण तिला निमित्त मिळालं नसतं.

मग ‘गुड फर्स्ट इश्यू’चं, म्हणजे ‘नवख्याला जमेल असं काम’ हे लेबल. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर हे लेबल लावलं की नवखे येतात हे खरं, पण येतात ते ‘हे मला द्याल का?’ असं लिहून. एकाच इश्यूखाली नऊ जण रांगेत उभे, पहिल्याला देऊन टाकलेलं, आणि तो पहिला गायब. शेवटी आम्ही नाव लावणंच बंद केलं. अर्धवट असलं तरी चालेल, मसुदा म्हणून पुल रिक्वेस्ट उघड, ते काम तुझं. रांग एका आठवड्यात विरली.

त्याहून अवघड होतं ते इश्यू लिहिणं. वीस मिनिटांत सुटणारा बग नवख्यासाठी नीट मांडायचा तर तासभर जातो. बग कसा दिसतो, कोणत्या फाइलमध्ये बघायचं, कोणती टेस्ट आधी पडायला हवी आणि नंतर पास व्हायला हवी, कुठल्या भागाला हात लावायचा नाही. लिहिता लिहिता प्रत्येक वेळी हात शिवशिवतात, की त्यापेक्षा सोडवूनच टाकू ना. आणि तो बग नुसता बघत, कधी कधी महिना महिना, तसाच ठेवायचा. वापरणारे विचारतात, एवढीशी गोष्ट अजून का दुरुस्त केली नाही? उत्तर देताना मला थोडं लाजल्यासारखं होतं, अजूनही.

त्या वर्षी आम्ही एका मोठ्या संस्थेच्या छत्राखाली गूगल समर ऑफ कोडमध्ये, म्हणजे ओपन सोर्स (सगळ्यांना खुल्या कोडच्या) प्रोजेक्टांना नवखे जोडून देणाऱ्या कार्यक्रमात, उतरलो. हा कार्यक्रम २००५ मध्ये सुरू झाला तो विद्यार्थ्यांसाठी. २०२२ पासून ओपन सोर्समध्ये नवीन असलेल्या अठरा वर्षांवरच्या कुणालाही अर्ज करता येतो. माझ्या वाट्याला ज्या आल्या त्या विद्यार्थिनी नव्हत्या. वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, पंधरा वर्षं हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम करून मधे काही वर्षं थांबलेल्या. मी सवयीनं पहिल्या निरोपात ‘तू’ लिहून बसलो होतो, तो पाठवायच्या आधी त्यांचा अर्ज पुन्हा वाचला हे नशीब. टेस्ट कशा लिहाव्यात हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. त्यांचं सगळं काम बंद दारांआडच्या कोडवर झालेलं. चारचौघांत अर्धवट काम दाखवायचं, हे त्यांच्यासाठी नवीन होतं.

त्या प्रश्न विचारायच्या, पण फक्त मला, खासगीत. मी नियम सांगितला: प्रोजेक्टच्या चॅटवर विचारा, म्हणजे उत्तर सगळ्यांना मिळेल. दोन दिवस काहीच आलं नाही. तिसऱ्या दिवशी मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “तिथे लिहिलेलं कायम राहतं ना? माझ्या नावासकट?” राहतंच. मी इतकी वर्षं तिथे बडबड करतो, मला ते विसरायला झालं होतं. मग आम्ही एक मधला मार्ग काढला. प्रश्न त्यांनी मला पाठवायचा, मी तो माझ्या नावानं चॅटवर टाकायचा, आणि उत्तरही तिथेच लिहायचं. स्वतःच विचारून स्वतःच उत्तर देणारा माणूस म्हणून माझी जरा थट्टा झाली. तीनेक आठवड्यांनी एका प्रश्नाला मी उत्तर लिहायच्या आधीच त्यांनी लिहिलं, आणि त्यानंतर मधल्या माणसाची गरज उरली नाही.

रिव्ह्यूमध्ये मी जास्त चुकलो. त्यांच्या पहिल्या पॅचवर, चाळीसेक ओळींच्या, मी सव्वीस शेरे मारले. नंतर मोजले तर त्यांतले सतरा स्पेस, कोट्स आणि नावांबद्दल होते. एक शेरा मात्र असा होता की तो मान्य केला तर बाकीच्या पंचविसांना अर्थच राहत नव्हता, कारण ते फंक्शनच वेगळ्या ठिकाणी हवं होतं. तो होता एकविसावा! त्यांनी पहिले वीस इमानेइतबारे दुरुस्त केले आणि मग एकविसावा वाचला. काही बोलल्या नाहीत. मी त्या शनिवारी फॉर्मॅटर बसवला, म्हणजे स्पेसबद्दल माणसानं माणसाशी बोलायचं कामच उरू नये. आणि तेव्हापासून पहिल्या फेरीत एकच प्रश्न विचारतो: हे योग्य जागी आहे का? टेस्ट नंतर, नावं सगळ्यात शेवटी. ज्यावर माझा हट्ट नाही त्या शेऱ्याआधी ‘नाही केलं तरी चालेल’ असं लिहितो. लोक बहुतेक वेळा करतातच, पण निवड त्यांची असते.

त्यांचं मुख्य काम होतं रकान्यात न मावणारा मजकूर कापण्याचं. आमची लायब्ररी कोड पॉइंट, म्हणजे संगणक ज्यांना वेगवेगळे क्रमांक देतो ती चिन्हं, मोजून कापायची. इंग्रजीत चालून जातं. ‘नमस्ते’मध्ये सहा कोड पॉइंट आहेत: न, म, स, हलंत, त आणि एकारमात्रा. पाचावर कापलं की मात्रा गळते, चारावर कापलं की हलंत लोंबकळत राहतो. उपाय ठाऊक होता: युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या मानकानं ‘ग्राफीम क्लस्टर’चे, म्हणजे वाचणाऱ्याला एक वाटेल अशा अक्षराचे, नियम दिले आहेत, त्या सीमेवरच कापायचं. टेस्टमध्ये काय अपेक्षित धरायचं हे मी इश्यूत लिहून ठेवलं होतं: ‘नमस्ते’चे चार तुकडे. न, म, स्, ते.

त्यांच्या टेस्टनं तीन म्हटलं.

मी फार ठामपणे लिहिलं की तुमची कुठेतरी चूक होते आहे, माझ्या मशीनवर चारच येतात. त्यांनी वाद घातला नाही. दोन दिवसांनी एक लांब उत्तर आलं. युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत, सप्टेंबर २०२३ मध्ये, नियम बदलला होता: देवनागरीसारख्या काही लिप्यांत हलंतानं जोडलेली व्यंजनं तोडायची नाहीत. त्यांच्याकडे युनिकोडचे नवे तक्ते असलेलं पॅकेज होतं, माझ्याकडे जुनं. दोन्ही आकडे आपापल्या आवृत्तीपुरते बरोबर होते, आणि आमच्या स्वयंचलित तपासणीत दोन्ही आवृत्त्या चालत असल्यामुळे टेस्ट एकीकडे पास आणि एकीकडे नापास होत राहिली असती. खाली त्यांनी एकच ओळ जोडली होती: “आणि तसंही, ‘नमस्ते’त किती अक्षरं हे बालवाडीतलं पोर तीनच सांगेल.”

ही लिपी मी रोज लिहितो. त्या लिहीत नाहीत, त्यांनी कुणाला तरी विचारलं होतं. मी चॅटवर, सगळ्यांसमोर, चूक माझी होती असं लिहिलं, इश्यूमधला आकडा बदलला आणि पॅकेजची किमान आवृत्ती वाढवायचा निर्णय त्यांच्यावर सोडला. त्यांनी तो घेतला आणि त्याबद्दल आलेल्या तक्रारींना उत्तरंही त्यांनीच दिली.

हे छान जमलेलं उदाहरण. बाकीची तशी नाहीत. गेल्या तीन वर्षांत मी ज्यांच्यासोबत नीट बसून काम केलं असे नऊ जण, त्यांतले दोन आज सक्रिय आहेत. एकाची परीक्षा आली, एकीला नोकरी लागली, एक जण जाताना अर्धवट कामाची टिपणं लिहून गेला. त्या टिपणांमुळे पुढच्या माणसाचा आठवडा वाचला, म्हणून मी त्याला टिकलेल्यांतच मोजतो. हल्ली भाषा-मॉडेलकडून लिहून घेतलेले पॅचही येतात, दिसायला देखणे. मी एकच विचारतो: ही टेस्ट काढून टाकली तर काय तुटेल? काही जण दुसऱ्या दिवशी विचार करून उत्तर देतात, आणि ते माझ्या दृष्टीनं इतरांसारखेच नवखे. बरेच जण उत्तरच देत नाहीत.

त्या पहिल्या पॅचचं राहून गेलं होतं. कमिटमधलं लेखकाचं नाव आता बदलायचं तर त्या कमिटचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ओळख-क्रमांक, बदलतो, मग त्याच्यानंतरच्या प्रत्येक कमिटचा, आणि ज्यांनी ज्यांनी रेपो उतरवून घेतला आहे त्या सगळ्यांचा घोटाळा होतो. मुख्य ब्रँचवर असं करत नाहीत. म्हणून आमच्या योगदानकर्त्यांच्या यादीच्या फाइलमध्ये त्याचं नाव घातलं, आणि त्या बंद पुल रिक्वेस्टखाली लिहिलं की हे काम तुझं होतं, मी ते माझ्या नावावर केलं, चुकलं.

उत्तर अकरा दिवसांनी आलं. ‘हरकत नाही. फक्त नावाचं स्पेलिंग चुकलं आहे.’

दुरुस्त करायला मी फाइल उघडलीसुद्धा होती. मग बंद केली आणि त्याला लिहिलं, तूच पाठव. संध्याकाळी पुल रिक्वेस्ट आली, एका ओळीची.