फॉर्ममधला ‘का?’ वाला रकाना

बर्लिनला येऊन दीड वर्ष झालेलं, ऑफिसात सगळं इंग्लिश, घरी मी एकटीच, आणि जर्मन काही बी-वनच्या, म्हणजे मधल्या लेव्हलच्या, पुढं सरकेना. घराजवळच्या निर्वासितांच्या हाइममध्ये, म्हणजे वसतिगृहात, दर मंगळवारी गप्पांचा कॅफे असतो, व्हॉलंटिअर पाहिजेत असं कळलं. म्हटलं चला, माणसं भेटतील आणि फुकटात जर्मनही होईल.

फॉर्मच्या शेवटी प्रश्न, हे काम का करायचंय? खरं लिहायची लाज वाटली, समाजाचं देणं वगैरे ठोकून दिलं.

मग कागद. तिथं लहान मुलं असतात म्हणून पोलीस रेकॉर्डचा विस्तारित दाखला लागतो. संस्थेचं पत्र दाखवलं की फी माफ, पण अपॉइंटमेंटसाठी आठवडाभर पहाटे उठून वेबसाइट रिफ्रेश करत बसले. त्यात गोवरची लस! 2020 पासून कायदाच आहे, 1970 नंतर जन्मलेल्यांनी पुरावा द्यायचा. कोल्हापुरात आईनं अख्खी ट्रंक उपसली, माझं 1989 चं कार्ड सापडलं पण त्यावर एकच डोस, आपल्याकडं तेव्हा सरकारी लसीकरणात एकच असायचा, इथं दोन पाहिजेत. पस्तिशीत गोवरची लस टोचून घेतली, आई फोनवर हसत होती.

पहिल्या मीटिंगला सगळ्यांनी आपापलं कारण सांगायचं होतं. एका आजींची आई 1945 ला सिलेसियातनं, म्हणजे तेव्हा जर्मनीत आणि आता बहुतेक पोलंडमध्ये असलेल्या भागातनं, निर्वासित होऊन हातगाडी ओढत आलेली. एक रिटायर्ड मास्तर सरळ म्हणाले, दिवसभर घरी बसलो की बायको वैतागते. एक सीरियाचा पोरगा 2015 ला इथल्याच बंद पडलेल्या टेम्पलहोफ विमानतळाच्या हँगरमध्ये राहिलेला, म्हणाला तेव्हा रांगेत कोण काय बोलतंय काही कळायचं नाही, म्हणून आलो. हे ऐकल्यावर मीही खरं काय ते बोलून टाकलं. आणि कसं काय कुणास ठाऊक, आमच्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचंही सांगितलं. महायुद्धात तिथं पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले, 1948 ला ते गेल्यावर सिंधी निर्वासित आले, आताचं गांधीनगर ते. आमची दिवाळीची कापडखरेदी तिथंच, पण हे असं जोडून कधी डोक्यातच आलं नव्हतं.

पहिल्या मंगळवारी समोर काबूलचा एक मुलगा बसला. मी मोठ्या हिमतीनं जर्मनमध्ये नाव विचारलं, तर तो म्हणतो, “दीदी, आप इंडिया से हो?” सगळी हिंदी पिक्चर बघून शिकलेला. दोन तास हिंदीतच गेले, पुढचा मंगळवारही तसाच.

जर्मन अजून बी-वनलाच आहे.