पत्त्याची पाठ

कॅमेऱ्याच्या खोलीत आवाज नसतो. खाली, आमच्या बोटीवरच्या कॅसिनोच्या फ्लोअरवर गाणी, रुलेटच्या गोटीची टकटक, हरणाऱ्याच्या शिव्या, सगळं चालू असतं. आमच्यापर्यंत येतं ते फक्त चित्र. त्यामुळे सवयीने आम्ही माणसाचं तोंड कमी बघतो आणि हात जास्त. 2018 चा जुलै होता, मांडवी तांबडीलाल झालेली, पावसामुळे गर्दी अगदीच पातळ. रात्री पावणेदोनच्या सुमारास बाकारा या पत्त्यांच्या खेळाच्या सहा नंबर टेबलावर डीलरचे, म्हणजे पत्ते वाटणारीचे, हात मला नेहमीपेक्षा वेगळे चालताना दिसले.

डीलर बांद्याची मुलगी. दोन वर्षांची नोकरी, हात एकदम स्वच्छ. डाव संपला की उघडे पत्ते गोळा करून ती सरळ टाकलेल्या पत्त्यांत सरकवायची. त्या रात्री मात्र मधूनच एखादा पत्ता ती टेबलावरच अर्धा फेरा फिरवत होती, वरची बाजू खाली करून, आणि मग ठेवत होती. समोर पन्नाशीचा एक गृहस्थ आणि त्याची बायको. बाईने हवेत बोट गोल फिरवलं की पत्ता फिरायचा. नव्वी आली, बोट फिरलं. राजा आला, बोट जागच्या जागी. अठ्ठी आली, पुन्हा बोट.

माझा चहा तसाच राहिला, कारण हे बोट मला माहीत होतं. ते लंडनमधलं बोट होतं.

इथे फिल आयव्हीबद्दल सांगावं लागेल. आमच्या बोटीवर पोकर टेबलवर काम करणारी पोरं त्याचं नाव देवाचं घ्यावं तसं घेत. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या रोझेल गावात वाढलेला हा मुलगा वय बसत नसताना जेरोम नावाचं खोटं ओळखपत्र दाखवून अटलांटिक सिटीच्या कॅसिनोत शिरायचा. शेवटची बस चुकली की तिथेच समुद्राकाठच्या लाकडी फळ्यांच्या रस्त्याखाली झोपायचा. म्हणून त्याला नाव पडलं ‘नो होम जेरोम’. 2000 साली त्याने वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या स्पर्धेत विजेत्याला मिळणारं पहिलं ब्रेसलेट घेतलं, तेही शेवटच्या दोघांत अमॅरिलो स्लिमसारख्या म्हाताऱ्या वाघाला हरवून. 2006 मध्ये अँडी बील नावाच्या टेक्सासच्या बँकरशी लास व्हेगासला समोरासमोर बसून तीन दिवसांत 1 कोटी 66 लाख डॉलर काढले. 2024 मध्ये अकरावं ब्रेसलेट. पण आकड्यांपेक्षा त्याचं बघणं लक्षात राहतं. पत्ते वाटले की आपल्या पत्त्यांकडे न बघता तो आधी समोरच्याकडे बघतो. काही बोलत नाही, हसत नाही, नुसता बघतो. पोकरमध्ये ही कला. आमच्या धंद्यात तीच नजर बघितली की पोटात गोळा येतो.

ऑगस्ट 2012 मध्ये लंडनच्या मेफेअरमधल्या क्रॉकफर्ड्स क्लबात तो पोकर सोडून पुंतो बांको, म्हणजे बाकाराच, खेळायला बसला. सोबत च्युंग यिन सन नावाची बाई. हा खेळ अक्कल लावण्याचा नाहीच. प्लेयर आणि बँकर असे दोन हात, ज्याची बेरीज नऊच्या जवळ तो जिंकला. बेरजेचा शेवटचा अंक तेवढा धरायचा. दश्शी आणि चित्रांचे पत्ते शून्य. म्हणजे सत्ती, अठ्ठी, नव्वी हे सोन्याचे पत्ते. पैज आधी लावायची, पत्ते नंतर. शू म्हणजे ज्यातून पत्ते एकेक काढून वाटतात तो डबा; त्यातून निघणारा पहिला पत्ता प्लेयरचा, आणि पैज लावताना तो शूच्या तोंडाशी पालथा दिसत असतो. पालथा, म्हणून काही बिघडत नाही, असं आम्ही समजतो.

बिघडतं. कारखान्यात पत्ते कापताना पाठीवरची नक्षी दोन्ही कडांना सारखी कापली जात नाही. एका कडेला नक्षीतली चौकट अर्धी, दुसऱ्या कडेला पाऊण. चांगले पत्ते तेवढे उलटे फिरवून घेतले की पुढच्या फेरीत शूच्या तोंडाशी कड बघून कळतं, हा मोठा की फालतू. आयव्ही आणि सन यांनी पत्त्यांना हातही लावला नाही. सनने क्रुपिएला, म्हणजे तिथल्या डीलरला, तिच्या भाषेत, कँटनीजमध्ये, पत्ते फिरवायला सांगितलं. शकुन म्हणून. क्लबने ऐकलं. पत्ते मशीननेच पिसा, असं दोघं म्हणाले. तेही ऐकलं. मशीन पत्त्यांची अदलाबदल करतं, पण पत्ता डोकं-पाय फिरवत नाही. दुसऱ्या दिवशीही तेच पत्ते हवेत, म्हणाले. दिले! 77 लाख पौंड जिंकल्यावर मात्र क्लबला जाग आली आणि आयव्हीची मूळ रक्कम तेवढी परत करून क्लबने बाकी अडवली. एरवी या खेळात क्लबला शंभरामागे एक-सव्वा मिळतो. नीट खेळलं तर कडेच्या या हिशेबाने खेळणाऱ्यालाच शंभरामागे साडेसहा.

हे सगळं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं. शिकवताना मात्र असं वाटायचं की हे मेफेअरमध्ये होतं, पणजीत नाही.

मी पिट बॉसला, म्हणजे टेबलांवर देखरेख करणाऱ्याला, फोन लावला.

‘सहा नंबरवर पत्ते फिरवायला कोणी सांगितलं?’

‘गेस्टने. बायकोला लकी वाटतं म्हणे. शिफ्ट मॅनेजरनेच हो म्हटलंय.’

मॅनेजर लाइनवर आले. साडेअकरा लाख जिंकलेला माणूस उठून गेला तर ते परत कसे येणार, ही त्यांची काळजी. ‘पार्टी बड़ी है, छेड़ना मत.’ मी म्हटलं, पत्ते बदला. म्हणाले, गेस्टला हाच सेट हवाय. मी गप्प झालो. शकुन, मशीन, तोच सेट. तीन खुणा तंतोतंत.

मग मी एक छोटीशी गोष्ट मागितली. शू संपला की मशीनमध्ये घालण्याआधी अर्धे पत्ते उलटे फिरवा, बस. कुणाला काही सांगू नका. त्यांनी थोडा विचार केला. ‘उतना कर लो.’

आठ कॅट, 416 पत्ते. बांद्याच्या मुलीने त्यातला अर्धा गठ्ठा उचलला, फिरवला, खाली ठेवला. मी गृहस्थाच्या हातांवर कॅमेरा नेला. लायटर पेटवून विझवत होता. थांबला नाही. बायको मोबाइल बघत होती. नवा शू लागला, दोघं पूर्वीसारखी खेळली, तेवढीच पैज, तेच बोट. साडेचारपर्यंत साडेअकरातले नऊ गेले. मुलीला टिप देऊन, हसत, दोघं किनाऱ्यावर नेणाऱ्या फीडर बोटीकडे गेली.

सकाळी सहाला मी पत्ते मागवून ट्यूबलाइटखाली धरले. निळी पाठ, बारीक चौकटींची जाळी, पांढरी किनार नाहीच. दोन पत्ते एकमेकांशेजारी उलटसुलट ठेवले. एकाची कड तुटलेल्या दातांसारखी, दुसऱ्याची जवळजवळ सरळ. फरक नखाच्या टोकाएवढा. एकदा दिसला की मग तोच दिसत राहतो. इतकी वर्षं मी हेच पत्ते वाटले होते, आणि मला तो कधी दिसला नव्हता. आयव्हीला नोकरीवर ठेवायला हवं होतं, असं तेव्हा मनात आलं.

मग रेकॉर्डिंग. पहिल्या शूमध्ये 31 पत्ते फिरवले. बहुतेक सत्त्या, अठ्ठ्या, नव्व्या. पण त्यात एक बदाम राणी आणि दोन दुर्र्याही होत्या, आणि चार नव्व्या तशाच सोडलेल्या. शिवाय साडेअकरा लाख पहिल्याच शूमध्ये जिंकलेले, म्हणजे फिरवलेला एकही पत्ता पुन्हा बाहेर येण्याआधी. ती नुसती नशिबाची कमाई. पीक यायचं ते दुसऱ्या शूमध्ये, आणि दुसऱ्या शूआधी मी शेत नांगरून टाकलेलं. माणूस चोर होता की बायकोच्या शकुनावर चालणारा नवरा, हे कळायचा रस्ता मीच बंद केला होता. रिपोर्टमध्ये मी ‘संशयास्पद’ लिहिलं. त्या शब्दात सगळं मावतं.

त्या मुलीला ऑफिसात बोलावलं तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. ‘दादा, गेस्टला नाही म्हणू नका, असं तुम्हीच शिकवलंत ना? माझं काय चुकलं?’ मेमो तिला मिळाला. हो म्हणणाऱ्या मॅनेजरला नाही. लंडनच्या खटल्यातही असंच दिसतं. ज्या क्रुपिएने ते पत्ते फिरवले तिला आपण काय करतोय याची कल्पना नव्हती, हे कोर्टाने मान्य केलं. आयव्हीला आपण लबाडी करतोय असं खरंच वाटत नव्हतं, हेही न्यायाधीशाने मान्य केलं. तरी तो हरला. 25 ऑक्टोबर 2017 ला ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाच्या पाचही न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की ही फसवणूकच. वर 1982 पासूनची एक कसोटीही बाजूला काढली. आपण करतोय ते चारचौघांच्या लेखी अप्रामाणिक आहे, हे आरोपीला स्वतःला कळत होतं का, हे आता बघायचं नाही. म्हणजे इंग्लंडमध्ये आज एखादा कारकून हिशेबात गडबड करताना सापडला, तर त्याच्या खटल्यातही आयव्हीचं नाव निघतं. दुसऱ्या कोणा पोकरवाल्याच्या वाट्याला असला वारसा आला असेल असं वाटत नाही.

अटलांटिक सिटीतल्या बोर्गाटा कॅसिनोनेही अशाच बाकारातल्या 96 लाख डॉलरसाठी त्याला कोर्टात खेचलं. 2019 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्याने जिंकलेले 1,24,410 डॉलर थेट त्यांनी जप्त करवले. 2020 मध्ये तडजोड झाली. पोकरच्या पोरांना हे सांगितलं तर म्हणतात, पत्ते खराब कॅसिनोने घेतले, फिरवले कॅसिनोच्या माणसाने, मग चोर तो कसा? मी त्यांच्याशी वाद घालत नाही. अर्धं मला पटतं. उरलेल्या अर्ध्यासाठी मला पगार मिळतो.

पांढऱ्या किनारीचे नवे पत्ते यायला तीन महिने लागले. तोवर प्रत्येक शूनंतर अर्धा गठ्ठा फिरवायचा असा हुकूम निघाला. बाकीचे डीलर विसरायचे, फोन करून आठवण करावी लागायची. बांद्याची मुलगी कधी विसरली नाही. गठ्ठा फिरवून झाला की वर माझ्या कॅमेऱ्याकडे एकदा बघायची आणि मगच पत्ते मशीनमध्ये घालायची.