शुगर-फ्री पेयं निवडताना: माझा अनुभव

टाइप २ मधुमेहाचं निदान झाल्यावर गोळ्या सुरू झाल्या, चालणं सुरू झालं, जेवणाची वेळही बांधून घेतली. अडलं ते गोड पिण्यापाशी. चहात साखर हवी आणि उन्हातून आलं की गार कोला हवा, ही कित्येक वर्षांची सवय. शुगर-फ्री घ्यावं म्हटलं तर एक जण सांगे बिनधास्त प्या, दुसरा सांगे त्यापेक्षा साखर परवडली. मग डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञ बाईंना विचारून विचारून भंडावून सोडलं, आणि हाती पडेल त्या बाटलीचं लेबल वाचायला लागले.

साध्या कोलाच्या ३३० मिलीच्या कॅनमध्ये सुमारे ३५ ग्रॅम साखर असते आणि पातळ पेयातली साखर रक्तात फार लवकर उतरते. ‘डाएट’ किंवा ‘झिरो’ प्रकारात तिच्या जागी ॲस्पार्टेम, ॲसेसल्फेम-के किंवा सुक्रालोज असे कृत्रिम गोडवे असतात. ॲस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट गोड, सुक्रालोज ६०० पट. त्यामुळे ते चिमूटभरही लागत नाही आणि त्याने रक्तातली साखर चढत नाही. हे ऐकून पटलं होतं, तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. एका सकाळी उपाशीपोटी बोट टोचून शुगर मोजली, नुसतं झिरो पेय प्यायले, तासाभराने पुन्हा मोजली. दोन्ही आकडे जवळपास सारखेच. त्या दिवशी मनावरचं मोठं ओझं उतरलं.

खरी गोम आहे ती लेबलच्या भाषेत. ‘नो ॲडेड शुगर’ म्हणजे वरून साखर घातलेली नाही, एवढंच. संत्र्याच्या २५० मिली रसात फळाची स्वतःचीच २० ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि ती माझ्या शुगरमध्ये धरावीच लागते. पुढच्या बाजूला काहीही छापलेलं असो, मी बाटली उलटी करते आणि ‘एकूण कर्बोदके’ ही ओळ शोधते. तो आकडा १०० मिलीचा आहे की अख्ख्या बाटलीचा, हेही बघते. १०० मिलीला ४.५ ग्रॅम हे वाचायला किरकोळ वाटतं, पण बाटली ५०० मिलीची असेल तर पोटात साडेबावीस ग्रॅम गेले! दुधाच्या तयार पेयांत आणि पावडरींमध्ये माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून बनवलेली पूड) आहे का तेही तपासते, कारण ते साखर या नावाखाली येत नसलं तरी रक्तातली साखर चांगलीच वाढवतं. ‘शुगर-फ्री’ पदार्थांत वापरला जाणारा माल्टिटॉल हा गोडवा रक्तातली साखर साखरेपेक्षा कमी वाढवतो, पण वाढवतो. शिवाय तो जास्त झाला की पोट बिघडतं.

चहासाठी बरेच प्रकार चाखले. सॅकरीनची कडवट, धातूसारखी चव जिभेवर रेंगाळते. ॲस्पार्टेम उकळीत टिकत नाही, गोडवा कमी होतो. स्टीव्हिया काहींना आवडतं, मला त्याची मागून येणारी चव नको वाटते. शेवटी सुक्रालोजच्या गोळीवर स्थिरावले.

कॅन्सरची भीती मलाही होती. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्पार्टेम ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकलं. त्याच वेळी अन्नातल्या मिश्रकांचा विचार करणाऱ्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा होती तीच ठेवली, वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम. ७० किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला ९ ते १४ कॅन प्यावे लागतील. त्याआधी मे महिन्यात संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असे गोडवे वापरू नका असा सल्ला दिला होता, पण आधीपासून मधुमेह असलेल्यांना तो लागू नाही असं त्यातच म्हटलं आहे. फिनाइलकीटोन्यूरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी मात्र ॲस्पार्टेम टाळायलाच हवं.

एवढं वाचून-विचारून मी माझ्यापुरतं ठरवलं. तहानेला पाणी, झिरो पेय कधीतरी, आणि चहातली गोळीही हळूहळू अर्धी. जीभ बदलते हे मला खरं वाटलं नसतं, पण आता पूर्वीइतका गोड चहा घशाखाली उतरत नाही.

घरच्यांना एक गोष्ट बजावून ठेवली आहे. माझ्या मधुमेहाच्या गोळ्यांमुळे शुगर कधी एकदम खाली येऊ शकते. ती ७० (मिलिग्रॅम/डेसिलिटर) च्या खाली गेली, हात थरथरले, दरदरून घाम फुटला, तर झिरो पेय काहीच कामाचं नाही. तेव्हा १५ ग्रॅम खरी साखर लागते, म्हणजे साधा कोला १५० मिली किंवा ग्लुकोज. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, आकडा ७० च्या खालीच असेल तर तेवढंच परत द्यायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णवाहिका बोलवायची.