अंधाराचा शनिवार

शनिवार, रात्री साडेअकरा

आजचा अंधाराचा शनिवार पार पडला. हे नाव धाकटीने ठेवलंय. महिन्यातून एकदा संध्याकाळी सातला फ्रिजचा सोडून बाकी सगळे एमसीबी (मीटरजवळच्या बोर्डावरचे मेन स्विच) पाडायचे आणि दहापर्यंत घरात जे आहे त्यावर भागवायचं, मोबाईल बंद, स्वयंपाक एकाच बर्नरवर, आणि जेवणं झाली की टॉर्चच्या उजेडात कुणीतरी एकाने मोठ्याने पुस्तक वाचायचं. लिहिताना वाटतंय काय शिस्तीचं घर आहे, पण तसं काही नाही, आज थोरला साडेआठला बाथरूमला जातो म्हणून गेला तो वीस मिनिटं आलाच नाही, आत मोबाईल घेऊन बसलेला. असो.

हे सगळं सुरू झालं गेल्या वर्षी लाईट गेली तेव्हापासून. दुपारी तीनला गेली ती दुसऱ्या दिवशी रात्री नऊला आली, म्हणजे चांगले ३० तास. आणि माझ्याकडे तर पेटी होती! इमर्जन्सी पेटी, चार वर्षांपूर्वी कुठलातरी लेख वाचून अंगात आलं होतं तेव्हा भरलेली, झाकणावर लाल मार्करने नाव वगैरे, आणि थेट माळ्यावर. त्या संध्याकाळी मी स्टुलावर चढून ती खाली घेतली तेव्हा माझा चेहरा कसा होता याची नक्कल बायको अजून पाहुण्यांना करून दाखवते. उघडली तर टॉर्चमधले सेल फुटून पांढरं खरखरीत काहीतरी बाहेर आलेलं, बिस्किटांची तारीख कधीच उलटून गेलेली, आईच्या बीपीच्या गोळ्या होत्या पण डॉक्टरांनी मधल्या काळात डोस बदललेला, आणि मेणबत्त्या डझनभर पण काडेपेटी नाही.

आई खुर्चीत बसून बघत होती. म्हणाली, "अरे, ही तुझी पेटी म्हणजे हॉलच्या कपाटातली ती जाडी पुस्तकं. काचेतनं छान दिसतात, उघडतंय कोण."

लागलं मला ते, कारण खरं होतं. त्या कपाटात एक अख्खा संच आहे, सोनेरी कडांचा, ज्याची पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. आणि घरात जी पुस्तकं खरंच वाचली जातात ती बघितली तर एकाचं कव्हर गेलंय, दुसऱ्यावर हळदीचा अंगठा, तिसरं बाथरूमच्या खिडकीत. वापरात असलेलं पुस्तक कुठे आहे ते सगळ्यांना माहीत असतं. टॉर्चचंही तेच.

म्हणून आता पेटीच नाही. टॉर्च स्वयंपाकघराच्या दाराला खिळ्यावर लटकलेला असतो, आई रात्री उठली की तोच घेऊन जाते, त्यामुळे सेल संपत आले की तिसऱ्या दिवशी तरी ओरडा ऐकू येतोच. (जुन्या टॉर्चचं म्हणाल तर तो पांढरा थर म्हणजे अल्कलाईन सेलमधून गळलेलं रसायन, थोरल्याने हातमोजे घालून कापसाच्या बोळ्याने व्हिनेगर लावलं, मस्त फसफसलं, पुसलं, वाळवलं, आणि टॉर्च चालू झाला! मी तो फेकायला निघालो होतो. जो टॉर्च रोज लागत नाही त्याचे सेल काढूनच ठेवायचे, एवढं मात्र शिकलो.) किराणा आणला की नवीन पाकीट मागे आणि जुनं पुढे, हे काम धाकटीचं, तिला ते आवडतं कारण तिला तारखा वाचायला मिळतात आणि एखादी तारीख उलटलेली सापडली की आम्हा सगळ्यांवर डाफरायला मिळतं.

पाण्याचा हिशोब मात्र मी स्वतः मांडला आणि हादरलो. माणशी दिवसाला साधारण ४ लिटर धरायचं, पिणं आणि थोडंफार शिजवणं-धुणं मिळून, निदान ३ दिवसांचं. आम्ही ५ जण, म्हणजे ६० लिटर. घरात होता २० लिटरचा एक कॅन, तोही अर्धा. आता तीन कॅन आहेत, झाकणांवर भरल्याची तारीख, सहा महिन्यांनी ते पाणी झाडांना आणि परत भरायचं. बायकोला यातलं काही पटत नाही, तिच्या मते मी तहानेपेक्षा आकडेमोडीनेच जास्त घाबरतो. असेल.

फ्रिजचं एक लिहायचं राहिलं. त्या ३० तासांत आमची मोठी चूक म्हणजे फ्रिज सतत उघडणं. कशासाठी? तर आतलं खराब झालंय का बघायला! दर पंधरा मिनिटांनी कुणीतरी दार उघडून हात लावून बघायचं. बंद राहिला तर फ्रिज साधारण ४ तास गार धरून ठेवतो, आणि फ्रीझर गच्च भरलेला असेल तर ४८ तास, अर्धा असेल तर २४. आम्ही बघून बघूनच सगळं घालवलं. आता फ्रीझरमध्ये एका वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवलंय. कुठे बाहेर राहून आलो आणि नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं तर समजायचं की मध्ये सगळं वितळून परत गोठलं होतं, आणि मन घट्ट करून टाकून द्यायचं. थोरला एकदा मुद्दाम नाणं वाटीच्या तळाशी गोठवून ठेवून गेला होता. मी आईस्क्रीमचा अख्खा डबा टाकायला काढला तेव्हा कबूल झाला.

रविवार, सकाळ

काल वाचायची पाळी बायकोची होती. सध्या रॉबिन्सन क्रूसो चालू आहे. १७१९ सालचं पुस्तक, जहाज फुटून निर्जन बेटावर एकटा अडकलेल्या माणसाची गोष्ट, मला वाटलं होतं मुलं दहा मिनिटांत कंटाळतील, पण फुटक्या जहाजावरून तो सामान आणायला लागला तिथून दोघंही सरसावून बसली. तो एकूण बारा खेपा करतो. पहिल्या तराफ्यावर ब्रेड, तांदूळ, चीजचे तीन गोळे, बकरीचं सुकवलेलं मांस, आणि सुताराच्या हत्यारांची पेटी, जी त्याला सोन्याहून मोलाची वाटते. मग शेवटच्या खेपेत त्याला पैसे सापडतात, तो त्यांना तुमचा इथे काय उपयोग म्हणून बरंच सुनावतो आणि मग विचार करून घेऊन जातोच. यावर आई इतकी हसली की वाचन थांबवावं लागलं. म्हणे, माणूस कुठेही गेला तरी माणूसच.

धाकटीचा लगेच प्रश्न, "बाबा, आपल्या तराफ्यावर काय?" आणि मग अर्धा तास त्यावरच. आई म्हणाली चष्मा आणि गोळ्या. थोरला म्हणाला पॉवरबँक, मग त्यानेच सांगितलं की १०,००० एमएएच (म्हणजे किती चार्ज मावतो ते) लिहिलेलं असतं ते आतल्या सेलचं, मोबाईलपर्यंत पोचतं साधारण ६,०००, बाकीचं व्होल्टेज बदलण्यात जातं. मला हे माहीत नव्हतं. बायको म्हणाली मीठ. धाकटी म्हणाली, हेच पुस्तक, कारण पुढे काय होतं ते कळलं पाहिजे ना!

मला स्वतःला त्यातली धान्याची गोष्ट फार आवडते. जहाजावरच्या पिशवीत कोंबड्यांसाठी ठेवलेलं धान्य उंदरांनी खाऊन टाकलेलं असतं, उरलेला कोंडा तो निरुपयोगी म्हणून कड्याजवळ झटकून टाकतो आणि विसरूनही जातो. महिन्याभराने बघतो तर तिथे बार्लीची दहा-बारा कणसं! आणि मग ते बियाणं तो इतकं जपून वाढवतो की स्वतःच्या तोंडात त्यातला दाणा पडायला चौथं वर्ष उजाडतं. राखून ठेवलेलं उंदरांनी खाल्लं आणि टाकून दिलेलं उगवलं. मी आईकडे बघितलं, ती काही बोलली नाही, पण तिने पेटीकडे बोट केलं. त्या पेटीत आता चपला असतात.

कालचं जेवण लिहून ठेवतो, साधंच पण जमलं. गॅस वाचवायचा म्हणून भात पांघरुणात शिजवला. तांदूळ अर्धा तास भिजवले, दुप्पट पाणी, जाड बुडाच्या आणि घट्ट झाकणाच्या पातेल्यात उकळी आणून पाच मिनिटं उकळू दिलं, मग गॅस बंद, पातेलं टॉवेलात आणि मग जुन्या रजईत गुंडाळून पाऊण तास खोक्यात. मधे उघडून बघायचं नाही (फ्रिजचाच धडा, उलट्या बाजूने). मोकळा, गरम भात. पातेलं मात्र निदान पाऊण भरलेलं हवं, मागच्या वेळी दोघांपुरता लावला होता तर आतली उष्णताच टिकली नाही आणि कणी राहिली. बाहेर काढला की लगेच खायचा, कोमट भात तासन्‌तास ठेवून दिला तर त्यात जंतू वाढतात आणि परत गरम केला तरी त्यांनी सोडलेलं विष जात नाही.

सोबत काबुली चणे, सकाळीच भिजवलेले, संध्याकाळी लाईट घालवायच्या आधी कुकरला लावले (यावर थोरल्याने फाऊल म्हणून आरडाओरडा केला, पण आमच्या कुकरला वीज कुठे लागते). त्यात कांदा, टोमॅटो, काकडी, लिंबू, मीठ, तिखट, वरून दाण्याचा जाडसर कूट. बस. धाकटीने तिसऱ्यांदा घेतले, जी एरवी चणा बघून तोंड वाकडं करते. अंधारात नीट दिसत नाही म्हणून खाल्ले असतील असं बायकोचं मत.

राजमा पण असाच रजईत करू म्हणत होतो, तो बेत आईने हाणून पाडला आणि तिचंच बरोबर निघालं. राजम्यात, विशेषतः लाल राजम्यात, लेक्टिन नावाचं एक प्रथिन असतं ज्याने कच्चा किंवा अर्धवट शिजलेला खाल्ला की उलट्या-जुलाब होतात, चार-पाच दाणेही पुरतात, आणि मंद आचेवर नुसता मऊ केला तर ते जात नाही, उलट वाढू शकतं. भिजवलेलं पाणी फेकून, नव्या पाण्यात चांगला अर्धा तास खळखळून उकळायचा, मग काय ते रजईचे लाड. आईला लेक्टिन वगैरे शब्द माहीत नाहीत, तिचं एवढंच की राजमा कच्चा राहिला तर पोट बिघडतं. मी शोधून वाचलं आणि मग तिलाच समजावून सांगायला गेलो, त्यावर तिने ज्या नजरेने बघितलं ते लिहीत नाही.

आणि कोळशाची शेगडी घरात आणायची नाही हेही ठरलंय. त्या ३० तासांत मधेच गॅस संपत आला होता तेव्हा मीच म्हणालो होतो की शेगडी पेटवू, खिडकी उघडी ठेवू. बायकोने साफ नाही म्हटलं. कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही वास नाही, डोकं जड होतं तेव्हा आपल्याला वाटतं थकवा आहे, आणि झोपेत तर तेवढंही कळत नाही. उघड्या खिडकीचा काही भरवसा नाही. शेगडी उघड्यावर, नाहीतर थंड खायचं. त्या रात्री आम्ही ब्रेड आणि दाणे खाल्ले आणि मी थोडा रुसलो होतो.

बुधवार, रात्र

आज ऑफिसात मोबाईल हातातून पडला आणि स्क्रीन गेली. काळीठिक्कर. घरी फोन करून सांगावं की उशीर होईल, सहकाऱ्याने फोन पुढे केला, आणि मी तो हातात धरून नुसता उभा. बायकोचा नंबर मला पाठ नाही. सोळा वर्षं झाली लग्नाला! शाळेतल्या मित्राच्या घरचा लँडलाईन नंबर झोपेतही सांगेन, तो फोन केव्हाच बंद झालाय. शेवटी फोन परत दिला आणि घरी जाऊन बोलणी खाल्ली.

आज शनिवार नसूनही वाचलं. क्रूसोतून जरा सुट्टी म्हणून थोरल्याने ऐंशी दिवसांत जगप्रवासाचं पुस्तक काढलं, त्यातला नोकर पासपार्तू घाईघाईत निघतो आणि गाडीत बसल्यावर त्याला आठवतं की आपल्या खोलीतला गॅसचा दिवा चालूच राहिला. मालक शांतपणे सांगतो, जळू दे, तुझ्या खर्चाने. आणि तो खरंच ऐंशी दिवस जळत राहतो! हे ऐकून बायको न बोलता उठली आणि सिलिंडरचा नॉब बघून आली. आमच्याकडे बाहेर पडताना गॅस बघायचं काम कुणाचं हे कधी ठरलेलंच नाही, म्हणून दोघंही बघतो किंवा दोघंही बघत नाही. आता दाराच्या आतल्या बाजूला कागद लावलाय, पासपार्तू एवढंच लिहिलेलं. पाहुण्यांना काही कळणार नाही, पण आम्हाला पुरे.

नंबरांचा कागद कुठे लावायचा यावर वाद झाला. मी म्हणालो फ्रिजवर. धाकटी म्हणाली फ्रिजवरचं कुणी वाचत नाही, तिथे दोन वर्षांपूर्वीचं तिचं टाइमटेबल अजून आहे (आहे खरं). मग तिनेच जुन्या खोक्याचा पुठ्ठा कापून दोन बुकमार्क केले, एका बाजूला फूल, दुसऱ्या बाजूला सगळ्यांचे नंबर, आईच्या डॉक्टरांचा, शेजारच्यांचा, आणि आईच्या गोळ्यांची नावं नव्या डोससकट. एक क्रूसोत, एक या नव्या पुस्तकात. पुस्तक बदललं की तो पुढच्या पुस्तकात जाईल, म्हणजे रोज कुणाच्या ना कुणाच्या हाताखालून जाणार.

झोपायच्या आधी धाकटीने माझी तोंडी परीक्षा घेतली. आईचा नंबर सांगा, बाबा. मी सांगितला, शेवटचे दोन आकडे उलटे. उद्या परत आहे म्हणे.